चिठ्ठ्यांची बरणी : प्रकल्प नोंदी

रविवार, 15 जून 2025

प्रकल्प : कथा लिहायचा सराव व्हावा म्हणून चिठ्ठ्या तयार करणे. एका चिठ्ठीवर एक प्रसंग, एक वाक्य किंवा एक अट. त्यावर लिहून बघायचं, चालेल ती चिठ्ठी बरणीत, न चालेल ती रद्दीत. मुदत दिवाळीपर्यंत. शेवटी प्रत्येकाची एक पुरी झालेली कथा आणि त्यांचा मिळून हस्तलिखित दिवाळी अंक.

जागा : बडोदे, दांडिया बाजार, काकूंचं घर, पहिला मजला. बरणी त्यांचीच, लोणच्याची, धुऊनही किंचित वास येणारी.

मंडळी : काकू (मराठी शिकवायच्या, आता निवृत्त), बँकवाले काका, डबे पुरवणाऱ्या वहिनी, आमचा तरुण आर्किटेक्ट आणि मी. लिहायची हौस सगळ्यांना, कथा पुरी केलेली कुणीच नाही. नोंदी मी ठेवायच्या असं ठरलं, कारण औषध कंपनीत दिवसभर मी बॅच रेकॉर्डच भरते. काय घातलं, किती वेळ ठेवलं, काय निघालं. इथेही तेच करायचं.

कच्चा माल दोन प्रकारचा जमला. आर्किटेक्टने मोबाइलवरून उतरवलेली इंग्रजी प्रॉम्प्ट्स, म्हणजे गोष्ट सुरू करून देणाऱ्या ओळी, आणि काकूंच्या जुन्या वहीतले निबंधाचे विषय. ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ वगैरे. निबंधाचे विषय आजच बाद केले. ते आपल्याकडून मत मागतात आणि मत मागितलं की आपण लगेच शहाण्यासारखं बोलायला लागतो. कथेला मत नको, अडचण हवी.

रविवार, 22 जून

चाचणी : उतरवलेली प्रॉम्प्ट्स. वेळ दहा मिनिटं, मोबाइलचा गजर लावून. पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही.

निघालेली चिठ्ठी : ‘बर्फाच्या वादळात एक अनोळखी माणूस तुमच्या लाकडी घराचं दार ठोठावतो.’

निकाल : सगळ्यांचं लिखाण डब केलेल्या मालिकेसारखं. काकांच्या गोष्टीत शेकोटी, आर्किटेक्टच्या गोष्टीत बंदूक. वहिनींनी चार ओळी लिहून कागद पालथा घातला. म्हणाल्या, “ताई, मला त्या बाईचं स्वयंपाकघरच दिसेना. ती उठून कुठे जाणार, काय हातात घेणार, काही कळेना.”

आजची सगळ्यात उपयोगी नोंद हीच. परका प्रसंग वाईट नसतो, पण सरावाच्या सुरुवातीला पात्राचा हात कुठे पोचतो हे डोळ्यांपुढे असावं लागतं. ते नसलं की माणूस पूर्वी कुठेतरी वाचलेलं लिहितो. कामाला लागलो, प्रॉम्प्टचा सांगाडा ठेवून गाव बदलायचं. वादळात अडकणं आपल्याकडे कसं होतं? उत्तर पाचही जणांनी एकदमच दिलं.

रविवार, 29 जून

चिठ्ठी (नवी) : ‘पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आलंय. गच्चीवर दोन कुटुंबं. त्यांचं सात वर्षं बोलणं बंद आहे. शेगडी एकाकडे, सिलिंडर दुसऱ्याकडे.’

ऑगस्ट 2024 च्या अखेरीला विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते बडोद्यात कुणाला समजावून सांगायला नको. वीज गेली, दूध मिळेना, गाड्या बुडाल्या आणि नदीतल्या मगरी सोसायट्यांमधून सापडायला लागल्या. त्यामुळे दहा मिनिटांत पानंच्या पानं भरली.

आणि प्रत्येकाच्या गोष्टीत मगर आली. काकांची मगर जिन्यात, आर्किटेक्टची पार्किंगमध्ये, काकूंची तर एका सज्जन गृहस्थाच्या अंगणात डोळे मिटून बसलेली. मगर आली की ती दोन कुटुंबं भांडण विसरतात, एकमेकांचा हात धरतात आणि गोष्ट संपते. म्हणजे जी अडचण चिठ्ठीने दिली होती, तिच्यापासून सुटायला प्रत्येकाने मगर वापरली. ठराव एकमताने मंजूर : मगरबंदी. ज्या चिठ्ठीत मगर नाही तिच्या कथेत ती येणार नाही. हाच नियम मृत्यू, अपघात, कॅन्सर आणि ‘ते सगळं स्वप्न होतं’ यांनाही लागू.

बंदीनंतर पुन्हा दहा मिनिटं. वहिनींच्या कागदावरून :

“शेगडी आमची. सिलिंडर तिने पायाने ढकलत आणला, हात लावला नाही. मी चहाचं आधण ठेवलं. साखर किती ते विचारायचं होतं, म्हणून मुलाला म्हटलं, ‘विचार त्यांना, साखर किती.’ तो म्हणाला, ‘आई, त्या समोरच उभ्या आहेत.’”

वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही, काका तेवढे “पुढे?” म्हणाले. चिठ्ठी पास.

रविवार, 6 जुलै

आषाढी. साबुदाण्याची खिचडी झाली, लिखाण नाही.

रविवार, 13 जुलै

आज काकांनी मुद्दा काढला की हे सगळं आपल्याकडे होतंच : समस्यापूर्ती. दरबारात कवीला श्लोकाचा शेवटचा चरण द्यायचे, आधीचे चरण त्याने रचायचे. काकांना त्यातली सगळ्यात प्रसिद्ध समस्या तोंडपाठ. भोजराजाच्या दरबारातली दंतकथा, कालिदासाच्या नावावर सांगतात. दिलेला चरण असा : ‘ठाठं ठठं ठं ठठठं ठठं ठः’. अर्थ काहीच नाही, नुसता आवाज.

कवीने काय केलं? रामाच्या राज्याभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला, त्याचा हा आवाज. झालं. निरर्थक अक्षरांना जिना मिळाला, घाई मिळाली, समारंभ मिळाला. शिवाय ती मुलगी का गडबडली, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

मला यात आमच्या कामाची किल्ली दिसते. समस्या देणारा परिणाम देतो, कारण देत नाही. आवाज त्याचा, हात कुणाचा निसटला ते कवीने शोधायचं. आमच्या बरणीतल्या निम्म्या चिठ्ठ्या उलट्या आहेत, त्या कारण किंवा भावना आधीच सांगून टाकतात. ‘एकटी पडलेली म्हातारी’ यात लेखकाला शोधायला काय उरलं? आज बसून बऱ्याच चिठ्ठ्या उलटवल्या.

‘एकटेपणा’ ही चिठ्ठी आता अशी : ‘तिने कुकरला दोघांचा भात लावला आणि मग फोन करून विचारलं, कोणी जेवायला येतं का.’

‘मत्सर’ : ‘धाकट्याच्या वास्तुशांतीला त्याने भिंतीवर बोट ठोकून पाहिलं.’

‘पश्चात्ताप’ : ‘बावीस वर्षांनी त्याने शाळेला मनीऑर्डर पाठवली. संदेशाची जागा कोरी.’

तिसरीवर आर्किटेक्टचा आक्षेप, मनीऑर्डर त्याने कधी पाहिलेली नाही. त्याच्यासाठी वेगळी केली : यूपीआयने एक रुपया, पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी. तो म्हणे एक रुपयाच जास्त भीतीदायक.

रविवार, 27 जुलै

क्षेत्रभेट : मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून 1910 पासून ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली तिचं हे मुख्य ठाणं. आम्हाला बघायच्या होत्या काचेच्या फरश्या. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या एकावर एक मजल्यांच्या, आणि मधली जमीन जाड काचेची. आर्किटेक्टने सांगितलं, ही शोभा नाही, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत उतरावा म्हणून केलेली सोय. खाली उभं राहून वर पाहिलं की चालणाऱ्याचे तळवे सावलीसारखे सरकतात. काकू वर जायला तयार होईनात. “साडी नेसलेल्या बाईने काचेवर चालायचं म्हणजे,” एवढंच म्हणाल्या आणि खालीच थांबल्या. ही चिठ्ठी मी तिथेच लिहून घेतली.

दुसरी चिठ्ठी फिरत्या ग्रंथालयांवरून. बडोदे संस्थानात लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवत. ‘पेटी गावात पोचली आहे. कुलूप आहे, किल्ली नाही. गावात वाचता येणारी माणसं दोन, आणि त्यांचं पटत नाही.’

घरी येऊन लिहिलं, तर नवाच त्रास. काकांच्या कथेत बॉर्डनसाहेबांचं आगमन, वर्गीकरणाची पद्धत, संस्थानातलं सक्तीचं शिक्षण (1906), सगळं आलं. पेटी काही उघडेना. माहिती खरी, मेहनतीची, आणि कथेच्या छातीवर बसलेली. नियम केला : माहिती पात्राच्या हातात असेल किंवा वाटेत आडवी येत असेल तरच कथेत येईल. 1906 चा कायदा तसाच नको, मुलाला शाळेत न पाठवल्याचा दंड भरायला लागलेला बाप येऊ दे. काकांना नियम पटला, पण आवडला नाही.

रविवार, 10 ऑगस्ट

आजचा विषय : अटी. प्रसंग द्यायचा नाही, फक्त बंधन घालायचं.

फ्रान्समध्ये 1960 मध्ये रेमों केनो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी याच कल्पनेवर मंडळ काढलं, उलिपो. लेखक आणि गणिती एकत्र बसून स्वतःवर अटी घालून घेत. त्यांच्यातल्या जॉर्ज पेरेकने ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली, 1969 मध्ये. फ्रेंचमध्ये ते सगळ्यात जास्त लागणारं अक्षर. आम्ही एवढ्या पल्ल्याचे नाही. मराठी गोष्ट सांगताना आपण सगळ्यात जास्त टेकतो कशावर, हे शोधलं. ‘होता, होती, होतं’. आजची अट : हे तिन्ही आणि त्यांची भावंडं बंद.

आर्किटेक्टचा आधीचा परिच्छेद :

“खोलीत अंधार होता. कोपऱ्यात आजोबा बसले होते. त्यांच्या हातात काठी होती. ते रागावलेले होते.”

अटीनंतर :

“खोलीत शिरताना पाय काठीला लागला. ‘तिथेच राहू दे,’ कोपऱ्यातून आजोबा म्हणाले. मी उचलायला वाकलो, तर त्यांनी ती ओढून घेतली.”

राग हा शब्द गेला आणि राग आला. अंधारही आला, कारण अंधार नसता तर पाय कशाला लागला असता? पहिल्या परिच्छेदात माणूस फोटोसारखा बसून राहतो, दुसऱ्यात त्याला काहीतरी करावंच लागतं. माझ्या मते आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्यांमध्ये ही एक सर्वांत कामाची. तिचा त्रासही आहे, भूतकाळातली लांबची आठवण सांगताना ‘होतं’ शिवाय वाक्य वाकडंतिकडं होतं. म्हणून ती पहिल्या मसुद्यापुरतीच. दुसऱ्या वेळी हवं तिथे परत घालायचं.

इतर अटी भराभर : विशेषण नको (चालते), फक्त संवाद (काकूंना उत्तम जमतं, काकांची पात्रं भाषणं करतात), उलट क्रमाने सांगणे (डोकं दुखलं), द्वितीय पुरुषी निवेदन. “तू उठतोस, तू चहा पितोस” हे वहिनींना मुलाला ओरडल्यासारखं वाटतं. बाद.

रविवार, 31 ऑगस्ट

गणपती. काका मंडळाच्या कामात, वहिनींना मोदकांच्या ऑर्डरी. मी आणि काकू दोघीच. ढोलाच्या आवाजात दहा मिनिटं लिहून पाहिलं. लिहिता येतं.

रविवार, 14 सप्टेंबर

दोन चिठ्ठ्यांची पद्धत करून पाहिली : एका वाटीत माणसं, दुसरीत अडचणी. वीस गुणिले वीस म्हणजे चारशे जोड्या, आर्किटेक्ट खूश. प्रत्यक्षात बहुतेक जोड्या विनोदी निघतात. भविष्य सांगणारा आणि बंद पडलेली लिफ्ट. हसू येतं, पाच ओळींत दम संपतो. कारण माणूस आणि अडचण यांचं एकमेकांशी देणंघेणंच नाही. अडचण त्याच माणसाला बोचणारी हवी. वाट्या बंद, बरणी चालू.

मग काकूंची चिठ्ठी. ही बडोद्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक घरात सांगतात. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरलं आणि नाशिककडच्या कवळाण्याहून काशीरावांची मुलं आणली. कशाला आलात, असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. तोच पुढे सयाजीराव. चिठ्ठी : ‘त्याच रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाचं उत्तर काय?’

हिच्यावर सगळ्यांनी खूप वेळ लिहिलं, गजर वाजला तरी कुणी थांबलं नाही. निवडला गेलेला मुलगा इतिहासाचा, त्याच्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक. शेजारी उभा असलेला मात्र मोकळा. काकूंच्या कथेतल्या मुलाने उत्तर दिलं, “दादा आला म्हणून.” मग त्याला वाड्यात झोपायला मऊ गादी मिळते आणि तो रात्रभर कूस बदलत राहतो, कारण गावी तिघे एका वाकळीवर झोपत आणि पाय टेकवायला कुणीतरी असायचं. सकाळी भाऊ भेटतो, पण आता त्याला हाक काय मारायची? काकूंनी तिथे हुजऱ्याला मध्ये घातलंय. तो हळूच सांगतो, “महाराज म्हणायचं.” मुलगा म्हणतो, “तोंडावर?”

चर्चा : खऱ्या माणसांना कथेत घ्यावं का? काकूंनी पुढच्या मसुद्यात सगळी नावं काढून टाकली. संस्थान नाही, साल नाही, कवळाणे नाही. कथा उभीच राहिली. काका म्हणतात, नावं गेल्याने वजन गेलं. मला वाटतं, वजन त्या वाकळीत आहे.

रविवार, 28 सप्टेंबर

नवरात्र, म्हणून बैठक सकाळी. रात्री गरब्यामुळे कुणी घरी सापडत नाही आणि सकाळी सगळे अर्धवट झोपेत. आर्किटेक्ट पायाला तेल लावून आलेला.

काम : संवाद. आमच्या कथांतले शेजारी, दुकानदार, रिक्षावाले गुजरातीच असणार. ते कथेत शुद्ध मराठी बोलायला लागले की खोटे वाटतात. करून पाहिलेलं आणि चाललेलं : छोटी वाक्यं गुजरातीतच, पुढे मराठी अर्थ न देता. “बेसो ने, भाभी” याला टीप कशाला? लांब बोलणं असेल तर मराठीत, पण मधे एखादं ‘हं के’ पुरतं. वहिनींच्या गच्चीवरच्या कथेत शेजारीण आता गुजराती झाली आणि गंमत म्हणजे सात वर्षांचं न बोलणं जास्त खरं वाटायला लागलं. रागात आपापल्या भाषेत पुटपुटायची दोघींना सोय.

बरणीची छाननीही उरकली. ज्या चिठ्ठीवर पाचही जणांनी एकसारखं लिहिलं ती काढली. तिने लेखकाला जागाच दिली नव्हती.

रविवार, 12 ऑक्टोबर

पक्के मसुदे. आता चिठ्ठीचं करायचं काय, हा वाद.

वहिनींची कथा मुळात पुराच्या चिठ्ठीवरची. तिसऱ्या मसुद्यात पूर दोन ओळींवर आला आणि सगळा भर साखरेवर. चौथ्यात त्यांनी गच्चीही काढली. आता दोघी जिन्यात आहेत, सिलिंडर संपलाय आणि दुसरा उद्या येणार. चिठ्ठीतलं काय उरलं? शेगडी आणि अबोला. काकांच्या मते ही फसवणूक, चिठ्ठी पाळलेली नाही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भाजी शिजल्यावर मी दोरा कशाला ठेवू, भरल्या वांग्याचा?” मी त्यांच्या बाजूने. चिठ्ठी लेखकाला कागदावर आणते, पुढे तिचं ऐकायलाच हवं असं नाही. आर्किटेक्टची कथा मात्र चिठ्ठी सोडल्यामुळे भरकटली. त्याला एक रुपयाच्या व्यवहाराकडे परत जायला सांगितलं. पाठवणाऱ्याचं नाव अजून त्यालाच माहीत नाही. ते शोधल्याशिवाय तिसरं पान लिहू नकोस, असं काकूंनी बजावलं.

काकांची पेटी अजून बंद. वाचता येणारी दोन्ही माणसं आता ओसरीवर बसून भांडतायत आणि ते भांडण झकास आहे. काकांना ते दिसत नाही, ते किल्ली शोधतायत.

रविवार, 19 ऑक्टोबर

अंक तयार. अक्षर काकूंचं, मुखपृष्ठ आर्किटेक्टचं (काचेची फरशी, खालून वर, तळवे). चार कथा पूर्ण. काकांनी किल्लीचा नाद सोडला, पण शेवट द्यायलाही नकार दिला. अटीप्रमाणे त्यांची कथा अंकात नाही. ती देव दिवाळीनंतर वाचायची.

चिठ्ठ्या कथांच्या वर छापायच्या का, यावर मतदान : नाही, चार विरुद्ध एक. त्या शेवटच्या पानावर, क्रम उलटसुलट करून, आणि वाचणाऱ्याने कोणती कुणाची ते ओळखायचं. कल्पना वहिनींची. एक मूळ प्रत काकूंकडे, बाकी झेरॉक्स. स्टेपल नको, दोऱ्याने शिवायचं ठरलं.

पुढच्या फेरीला बरणी वहिनींकडे. त्यांनी पहिली चिठ्ठी आजच टाकली, डबे पोचवताना सुचलेली : ‘डबा रोज रिकामा परत येतो. आज भरलेला आला, पण भाजी आपली नाही.’